क्लच: कापूस, चामडं आणि एक घसरणारी चकती

जुन्या गाड्यांचे शौकीन भेटले की गप्पा इंजिनाच्या होतात, क्रोमच्या बंपरच्या होतात, ओरिजिनल हॉर्नच्या होतात. क्लचबद्दल कौतुकानं बोलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. क्लच म्हणजे गाडीतला सिस्टिम अ‍ॅडमिन. सगळं सुरळीत चालू असेल तर तो आहे हेच कुणाला माहीत नसतं, आणि काही बिघडलं की पहिलं बोट त्याच्याकडे!

तर मंडळी, आजचा वीकेंड लेख या बिचाऱ्या क्लचवर. मी काही ऑटोमोबाईलवाला नाही. डिग्री इंजिनिअरिंगची असली तरी पोट कोडवर चालतं. पण अकोला-अमरावती पट्ट्यात वाढलेल्या माणसाला या विषयात रस वाटावा असं एक कारण सापडलं. क्लचचा इतिहास मागे मागे खणत गेलो तर तो कापसाच्या जिनात जाऊन पोचतो. आणि पुढे येत गेलो तर एका अशा प्रश्नाशी येऊन थांबतो, जो आजही आपल्या गावच्या गॅरेजमध्ये रोज झाडून कोपऱ्यात लोटला जातो. अक्षरशः झाडून. ते शेवटी सांगतो.

आधी थोडं बेसिक. क्लच लागतोच कशाला?

पूर्वी मूर्तिजापूरहून निघायची ती शकुंतला तुम्ही पाहिली नसेल तर निदान ऐकली असेल. अडीच फुटी नॅरो गेज. एक फाटा अचलपूरला ७६ किलोमीटर, दुसरा यवतमाळला ११३ किलोमीटर. वऱ्हाडातला कापूस मुख्य लाईनवर आणून टाकायचा, यासाठी बांधलेली गाडी. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलं, १९२३ ला इथं रुजू झालं आणि एप्रिल १९९४ पर्यंत राबलं. मग डिझेल आलं. सत्तर वर्षं नोकरी, आणि या सत्तर वर्षांत त्या इंजिनाला एकदाही क्लच बदलावा लागला नाही. कारण क्लच नव्हताच!

वाफेच्या इंजिनाची मजा अशी की ते उभं असतानाही ढकलू शकतं. वाफ सोडली, पिस्टनवर दाब आला, चाक फिरायला लागलं. शून्यापासून पूर्ण जोर. पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाचं तसं नाही. त्याला जिवंत राहायलाच मिनिटाला काही शे फेरे मारत राहावं लागतं. फेरे कमी झाले की ते बंद पडतं. आता विचार करा, इंजिन फिरतंय आठशेच्या वेगानं आणि चाकं उभी आहेत. या दोघांना एकदम जोडलं तर एक तर काहीतरी तुटेल, नाहीतर इंजिन गचकन बंद पडेल. म्हणजे मधे असा कुणीतरी हवा जो थोडा वेळ घसरेल, हळूहळू पकडेल, आणि एकदा पकडलं की अजिबात घसरणार नाही. ही सगळी कामं एकाच वस्तूकडून करून घ्यायची.

क्लचची सगळी गोष्ट या एका विरोधाभासाची आहे. घसरलाही पाहिजे आणि पकडलंही पाहिजे. आणि त्याच्या एकूण एक तक्रारी यातूनच निघतात. नको तेव्हा घसरतो, किंवा नको तेव्हा पकडून ठेवतो.

आता जिनात जाऊ.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. हे आपण शाळेत शिकलोय. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. रेल्वेच्या मागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. आपण त्यांना नुसतं जिन म्हणतो.

जुन्या जिनाची रचना अशी असायची: एका टोकाला बॉयलर आणि इंजिन, तिथून निघालेला एक लांबच लांब शाफ्ट, आणि त्या शाफ्टवरून पट्ट्यांनी फिरणाऱ्या ओळीनं मांडलेल्या जिनिंगच्या मशिनी. इंजिन एक, मशिनी अनेक. आता त्यातली एकच मशीन थांबवायची असेल तर? कापूस अडकला, रोलर बदलायचा आहे. त्यासाठी सगळा कारखाना थांबवून चालत नाही. त्यावर तोडगा होता जोडपुलीचा. शेजारी शेजारी दोन पुल्या. एक शाफ्टला घट्ट बसवलेली, दुसरी सैल, नुसतीच फिरणारी. पट्टा घट्ट पुलीवर असेल तर मशीन चालू. दांड्यानं पट्टा सरकवून सैल पुलीवर ढकलला की पट्टा फिरतोय, पुली फिरतेय, पण मशीन शांत. पट्टा परत सरकवताना तो क्षणभर घसरतो, मग पकडतो, आणि मशीन हिसका न बसता सुरू होते.

ओळखलंत ना? हा क्लचच आहे.

आणि हे माझं कवित्व नाही. २९ जानेवारी १८८६ ला कार्ल बेंझनं ज्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं, जिला जगातली पहिली मोटारगाडी म्हणतात, तिच्यात क्लचचं काम असंच होत होतं. पट्टा सैल पुलीवरून घट्ट पुलीवर सरकवायचा. म्हणजे पहिल्या मोटारीचा क्लच कुणी नवीन शोधला नव्हता, कारखान्यांमध्ये आधीपासून फिरत होता तोच उचलून गाडीला लावला. आमच्या भाषेत सांगायचं तर जुनी लायब्ररी इम्पोर्ट केली. :)

दोन वर्षांनी, ऑगस्ट १८८८ मध्ये, बेंझची बायको बर्टा नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन याच गाडीच्या पुढच्या मॉडेलमधून मॅनहाइमहून फॉर्त्सहाइमला माहेरी गेली. एका बाजूचं अंतर साधारण १०६ किलोमीटर. अकोल्याहून अमरावतीला जाण्याइतकंच समजा. वाटेत लाकडी ब्रेक झिजले, तर तिनं एका चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. घर्षणासाठी अस्तर लावायची कल्पना मोटारीत इतकी जुनी आहे, आणि ती गॅरेजमध्ये नाही, चांभाराच्या दुकानात अमलात आली.

चामडं इथून पुढे बरीच वर्षं टिकलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये पट्टा जाऊन शंकूच्या आकाराचा क्लच आला. फ्लायव्हीलमध्ये शंकूसारखा खड्डा, त्यात बसणारा तसाच शंकू, आणि शंकूवर चामडं मढवलेलं. स्प्रिंगनं शंकू आत दाबला की पकडला, पायानं मागे ओढला की सुटला. याचे आजार चामड्याचेच आजार होते. चामडं वाळलं, कडक झालं की क्लच एकदम पकडायचा आणि गाडी बेडकासारखी उडी मारायची. चामड्यावर इंजिनाचं तेल आलं की तो घसरत राहायचा. उपायही तसेच घरगुती! उड्या मारतोय तर चामड्याला एरंडेल पाजा. घसरतोय तर तेल शोषणारी मातीची पूड, म्हणजे मुलतानी मातीच्या जातीचीच, आत फुंका.

हसू येतं, पण जरा थांबून बघा. उडी मारणं आणि घसरणं या दोन तक्रारी, आणि कोरडेपणा आणि तेल ही त्यांची दोन कारणं. शंभर वर्षांनंतरही मिस्त्री पहिला प्रश्न हाच विचारतो, की आत तेल गेलंय का.

आता कापूस परत येतो. इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाचा एक माणूस होता. उतारावर घोडागाड्या थांबवायला शेतकरी जुने बूट ब्रेकखाली अडकवतात हे त्यानं पाहिलं आणि १८९७ मध्ये ब्रेकसाठी चांगलं अस्तर बनवायचा उद्योग सुरू केला. सुरुवातीला कापसाचं जाड विणलेलं कापड, त्यात डांबरासारखे पदार्थ मुरवलेले. त्याच्या कंपनीचं नाव फेरोडो. फ्रूड या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून त्यात बायकोच्या नावाचं एक अक्षर घातलं की इंग्रजीत फेरोडो होतं. आज ब्रेक लायनिंगच्या खोक्यावर हे नाव दिसलं तर आठवा.

तिकडे अमेरिकेत फोर्डचं मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत बनत होतं, दीड कोटींहून जास्त. त्यात पायाखाली तीन पेडलं होती, पण त्यांचे अर्थ आजच्यापेक्षा वेगळे. डावं पेडल वेगाचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. आणि आत ड्रम पकडणारे जे पट्टे होते त्यांना अस्तर होतं विणलेल्या सुताचं. म्हणजे जगाला मोटारीवर बसवणारी गाडी कापसावर घसरत आणि कापसानंच पकडत चालत होती.

पण कापसाची एक मर्यादा आहे. घर्षणानं उष्णता होते, आणि दीडशे-दोनशे अंशांच्या पुढे कापूस करपायला लागतो. मॉडेल टीचे पट्टे तेलात बुडलेले असल्यानं निभावलं. गाड्या जड झाल्या, वेग वाढला, आणि शंकू जाऊन सपाट कोरडी चकती आली, तशी न जळणाऱ्या धाग्याची गरज पडली. असा धागा निसर्गात होता. दगडात. अ‍ॅस्बेस्टॉस. फेरोडोनं १९०८ च्या सुमारास लायनिंगमध्ये तो वापरायला सुरुवात केली.

इथं एक जागा अशी आहे जिथं मी वाचता वाचता थांबलो. लँकेशायरमधल्या रॉचडेल या गावी टर्नर ब्रदर्स नावाची कंपनी होती. मूळ धंदा सुती कापडाचा. १८७९ पासून त्यांनी अ‍ॅस्बेस्टॉस विणायला घेतला, कापसाच्याच धर्तीच्या यंत्रांवर. याच कंपनीतून पुढे टर्नर अँड न्यूअल हा समूह झाला, आणि १९२० च्या दशकात फेरोडो त्यात सामील झाली. म्हणजे ज्या लँकेशायरसाठी वऱ्हाडात जिन उभे राहिले, त्याच लँकेशायरच्या कसबातून क्लचचं अस्तर आलं. कापूस गेला, दगड आला, विणकाम तेच राहिलं.

त्या रॉचडेलच्या कारखान्यात नेली केर्शॉ नावाची एक बाई सूत कातायची. अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत. १९२४ मध्ये ती वारली, वय ३३. तिच्या फुप्फुसांची तपासणी डॉ. कुक यांनी केली आणि त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ती प्रसिद्ध झाली. १९२७ मध्ये या आजाराला नाव मिळालं, अ‍ॅस्बेस्टॉसिस. १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये कारखान्यांतल्या धुळीसाठी नियम झाले. संपूर्ण बंदी यायला मात्र १९९९ उजाडलं. मधली सगळी वर्षं, जगभरच्या गाड्यांच्या क्लच प्लेटमध्ये हाच धागा झिजत होता.

आता आपल्याकडे या. स्वातंत्र्यानंतर अनेक दशकं आपल्या रस्त्यांवर मुख्यतः दोन गाड्या. मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली अँबेसेडर, जी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत उत्तरपाड्यात बनली. आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेली फियाट ११०० डी, जी पुढे पद्मिनी झाली. पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या तोंडावर थांबलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरली.

लायसन्स राजमध्ये नवी गाडी मिळायला वर्षं लागायची, त्यामुळे आहे ती गाडी जगवणं ही कला झाली. नवी क्लच प्लेट आणायच्या ऐवजी जुन्या प्लेटचं झिजलेलं अस्तर काढायचं, रिवेट ड्रिलनं उडवायचे, नवं लायनिंग ठोकायचं, कानसीनं किंवा ग्राइंडरवर घासून सारखं करायचं. लायनर मारणारी अशी दुकानं आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बस स्टँडच्या मागे असायची. काही अजून आहेत.

या काटकसरीतूनच एक शहाणपण तयार झालं: खोलायच्या आधी ओळखायचं. कारण क्लच बघायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे दिवसभराचं काम. उगीच उतरवून चालत नाही. प्रॉडक्शन सर्व्हर बंद न करता नुसत्या लॉगवरून बग शोधायचा, तसं. जुन्या गाडीच्या क्लचचं हे निदान मला फार आवडतं, म्हणून ते नीट मांडून ठेवतो. जुनी गाडी बाळगणाऱ्यांना उपयोगी पडेल.

पहिलं: घसरणं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी चढत नाही. सपाटीवर कदाचित कळणारही नाही, म्हणून परीक्षा चढावर. जागच्या जागी तपासायचं तर मोकळ्या जागेत, समोर कुणी नसताना, हँडब्रेक आणि पायब्रेक दोन्ही लावून, वरचा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच पकडतोय. इंजिन आरामात फिरत राहिलं तर घसरतोय. हे एकदाच करायचं, पुन्हा पुन्हा केलं तर तपासणीतच प्लेट जळेल. कारणं चार: अस्तर संपलं, स्प्रिंगा बसल्या, मागच्या बाजूनं इंजिनाचं तेल अस्तरावर आलं, किंवा पेडलला सुरुवातीची ढिलाई उरली नाही. शेवटचं कारण सगळ्यात स्वस्त, म्हणून ते आधी बघायचं. पेडल हातानं दाबून पाहा, साधारण इंचभर मोकळं जायला हवं. ते मोकळं जात नसेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेलाच आहे. अस्तर झिजत जातं तशी ही ढिलाई कमी होत जाते, हे त्यातलं खरं गुपित.

दुसरं: न सुटणं. पेडल पूर्ण दाबूनही गिअर टाकताना कर्रर्र होतं, विशेषतः रिव्हर्सला. इथं एक सुंदर चाचणी आहे. इंजिन बंद करा आणि गिअर टाकून पाहा. बंद इंजिनाला सगळे गिअर लोण्यासारखे पडत असतील आणि चालू इंजिनालाच अडत असतील, तर दोष क्लचचा. दोन्ही वेळा अडत असतील तर क्लच निर्दोष आहे, दांड्यांच्या जोडण्या किंवा गिअरबॉक्स बघा. स्टिअरिंगजवळ गिअर असलेल्या जुन्या गाड्यांत तर तिथले बुश झिजले की सगळा आळ क्लचवर येतो. क्लच तेलाच्या दाबावर चालणारा असेल तर आणखी एक: पेडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गिअर नीट पडला, तर प्लेट ठीक आहे, तेल गळतंय नाहीतर नळीत हवा शिरली आहे. आणि पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचं वेगळंच. ओलाव्यानं गंजून प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते. पेडल दाबलं जातं पण आत काही सुटतच नाही.

तिसरं: थरथर. गाडी निघताना गदगदा हलते, वेग घेतल्यावर ठीक. अस्तरावर थोडंसं तेल, नाहीतर वाकलेली प्लेट. पण आधी इंजिनाची रबरी बैठक बघायची. ती फाटली असेल तर इंजिनच नाचतं आणि नाव क्लचचं होतं.

चौथं: आवाज. पेडलवर नुसता पाय टेकवल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. उलट, पेडल वर असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. मॉरिस-एमजी घराण्यातल्या जुन्या गाड्यांत या जागी गोळ्यांचं बेअरिंग नव्हतंच, कार्बनची एक कडी होती. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय असलेला माणूस ती कडी पेन्सिलसारखी झिजवून संपवतो.

लक्षात आलं असेल की यातल्या एकाही चाचणीला पाना लागत नाही. फक्त कान, पाय आणि योग्य क्रम.

हे सगळं प्रत्यक्षात होताना मी पाहिलंय. माझ्या मोठ्या मामांकडे एक जुनी गाडी आहे, चाळिशी उलटलेली. अकोल्यात राहतात, गाडी महिन्यातून एक-दोनदा निघते. दिवाळीच्या सुटीत ती घसरायला लागली. घरात सगळ्यांचं मत एकच, प्लेट गेली, नवी टाका. आमचे मिस्त्री सत्तरीच्या घरातले. त्यांनी गाडीला हात लावला नाही. आधी मामांना विचारलं, "काकाजी, चढावर घसरते का निघतानीच?" मग, "थंडी असतानी बी का गरम झाल्यावरच?" मामा म्हणाले, अर्ध्या तासानंतर, गरम झाल्यावर. मिस्त्री खाली वाकले, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली बोट फिरवलं, ते बोट आम्हाला दाखवलं. काळं तेल. "पिलेट चांगली असन बाप्पा. तेल थांबवल्याबिगर नवी टाकली तर थे बी महिन्यात भिजन."

गिअरबॉक्स उतरवला. प्लेटला अस्तर भरपूर शिल्लक होतं, पण तेलानं काळंकुट्ट. मागचं सील गेलं होतं. गरम झाल्यावर तेल पातळ होऊन गळायचं, म्हणून अर्ध्या तासानं. दोन प्रश्न आणि एक बोट, आणि निदान पक्कं.

पुढचं सांगायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला. आतल्या खोलगट भागात, जिथं तेल पोचलं नव्हतं तिथं, राखाडी भुकटी साचली होती. मदतीला असलेल्या पोरानं सवयीनं हवेचा पाइप उचलला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला. "राहू दे. फडकं वलं कर अन् पुस." मी विचारलं, काऊन? तर म्हणाले, "माह्या उस्तादनं तीस वर्सं लायनर मारले. मंग दम लागे त्याईले. जिना चढनं होये ना. कशानं गेले थे कोनं पाह्यलं भाऊ, डाक्टरनं दमा म्हनलं अन् झालं."

आता मी डॉक्टर नाही, आणि त्या उस्तादांना काय झालं होतं हे मी सांगू शकत नाही. दमा असेल, बिडी असेल, टीबी असेल. पण विज्ञान काय सांगतं ते सांगू शकतो. घसरताना होणाऱ्या उष्णतेत अ‍ॅस्बेस्टॉसचा बराचसा भाग दुसऱ्या, कमी धोकादायक खनिजात बदलतो. बराचसा, सगळा नाही. आणि नवं लायनिंग कानसीनं घासताना, ड्रिल करताना तर उष्णतेचा प्रश्नच नाही, तिथं निघते ती ताज्या धाग्यांची धूळ. म्हणजे धोका गाडी चालवणाऱ्याला सगळ्यात कमी, क्लच उघडणाऱ्याला जास्त, आणि लायनर मारणाऱ्याला सगळ्यात जास्त. आजार दिसायला वीस-तीस वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. तोवर दुकान बदललेलं असतं, गाव बदललेलं असतं, आणि कारण आणि परिणाम एकमेकांना ओळखेनासे झालेले असतात. ज्याला आम्ही म्हणतो, लॉगच उरलेले नाहीत.

भारतात या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी १९९५ मध्ये मोठा निकाल दिला. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर ठेवली पाहिजे असा आदेश त्यात आहे. चाळीस वर्षांची नोंद का? कारण आजार तितका उशिरा येतो, हे न्यायालयानं ओळखलं. पण नोंद ठेवायला हजेरीपट लागतो. बस स्टँडमागच्या दुकानात उस्तादाच्या हाताखाली दहाव्या वर्षी लागलेल्या पोराचा हजेरीपट कुठे असतो?

गंमत बघा, जिनातही हेच झालं. आपल्याकडच्या रोलर जिनमध्ये कापूस ओढणारा रोलर चामड्याच्या चकत्यांचा असतो. ते चामडं क्रोम वापरून कमावलेलं. रोलर झिजतो, त्याची भुकटी कापसात आणि कामगाराच्या नाकात जाते. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं, म्हणजे सिरकॉटनं, क्रोम नसलेले रोलर विकसित केले ते याच कारणानं. घर्षणाचं यंत्र म्हटलं की काहीतरी झिजणारच. लोखंड झिजू नये म्हणून आपण मधे मऊ अस्तर घालतो, आणि अस्तर झिजून जे उडतं ते कुठे जातं हा प्रश्न फार उशिरा विचारतो.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या आहेत. विजेची मोटर वाफेच्या इंजिनासारखीच, शून्य वेगालाही पूर्ण जोर देते. त्यामुळे बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत क्लच नाही. आपण फिरून शकुंतलेपाशी आलो असं म्हणायला हरकत नाही. पण जुन्या गाड्या अजून बऱ्याच आहेत, आणि त्या जपण्याची आवड आपल्या पिढीत वाढते आहे, चांगली गोष्ट आहे. तेव्हा माझं एवढंच म्हणणं.

तुमच्याकडे आजोबांची गाडी असेल तर क्लच उघडायच्या आधी वरच्या चार चाचण्या करा, निम्म्या वेळा गिअरबॉक्स उतरवायची गरजच पडणार नाही. उघडावाच लागला तर आत काय अस्तर बसलंय हे डोळ्यांनी कळत नाही, तेव्हा जुनं असेल तर ते अ‍ॅस्बेस्टॉसच आहे असं धरून चाला. हवा मारू देऊ नका, कोरडा झाडू नको, ओलं फडकं वापरा, आणि फडकं पिशवीत बांधून टाका. नवं लायनिंग घेताना अ‍ॅस्बेस्टॉस नसलेलं मागून घ्या. जुनी प्लेट ग्राइंडरवर घासून घेण्यापेक्षा तयार प्लेट मिळत असेल तर तीच घ्या, चारशे-पाचशे रुपये जास्त गेले तरी. आणि शेजारी उभ्या असलेल्या त्या पोराला हे का ते सांगा. मिस्त्रींसारखं कुणी त्याचा हात धरणारं प्रत्येक गॅरेजमध्ये नसतं.

मामांची गाडी सध्या ठीक आहे. सील बदललं, प्लेट नवी टाकली, मागच्या महिन्यात ती बडनेऱ्यापर्यंत जाऊन आली. ते पोरगं आता एका इलेक्ट्रिक स्कूटरच्या सर्व्हिस सेंटरला जायचा विचार करतंय म्हणे. मिस्त्री नाराज आहेत. मी मात्र मनातून खूश आहे.